कागदाचे पंख

छायाचित्रकलेच्या इतिहासावरचे एखादे बऱ्यापैकी जाड पुस्तक काढावे आणि त्यात कॉटिंग्लीच्या पऱ्या कोठे सापडतात ते पाहावे. व्यक्तिचित्रांच्या प्रकरणात त्या बहुधा नसतात आणि कल्पनाप्रधान छायाचित्रणाच्या प्रकरणात तर नसतातच. त्या सापडतात 'छायाचित्र आणि लबाडी' अशा थाटाच्या प्रकरणात; मृतांचे आत्मे प्लेटवर उतरवून देणारे भोंदू आणि हवेत बशी भिरकावून तिला उडती तबकडी म्हणणारे हौशी यांच्या पंगतीला. मजकूरही ठरलेला असतो : दोन पोरींनी शेरलॉक होम्सच्या जनकाला कसे बनवले. चित्राखाली कर्त्याचे नाव सहसा नसते. माझी तक्रार या नसलेल्या नावाविषयी आहे आणि ती पऱ्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांविरुद्ध जितकी आहे तितकीच, किंबहुना थोडी अधिक, पऱ्यांचा भांडाफोड करणाऱ्यांविरुद्ध आहे.

हकीकत सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत धरले जाते, म्हणूनच ती पुन्हा सांगणे भाग आहे. यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्ड शहराजवळ कॉटिंग्ली हे गाव. १९१७ साली तेथे विजेची यंत्रे दुरुस्त करण्यात वाकबगार असलेले आर्थर राइट, त्यांची पत्नी पॉली आणि सोळा वर्षांची मुलगी एल्सी राहत असत. दक्षिण आफ्रिकेहून आलेली नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स आपल्या आईसह त्याच घरात आश्रयाला होती. तिचे वडील महायुद्धावर गेलेले. घरामागच्या ओढ्यात फ्रान्सिस पुनःपुन्हा भिजून यायची, बोलणी खायची, आणि तेथे कशाला जातेस असे विचारले की 'पऱ्या पाहायला' असे उत्तर द्यायची. मोठ्यांनी चेष्टा केली. तेव्हा एल्सीने वडिलांचा 'मिज' कॅमेरा मागून घेतला. जिन्याखालच्या अंधारखोलीत आर्थरने प्लेट धुतली, तर ओढ्याकाठी हनुवटीला हात लावून बसलेली फ्रान्सिस आणि तिच्यापुढे नाचणाऱ्या चार चिमुकल्या, सपक्ष आकृती! दोन महिन्यांनी दुसरी प्लेट निघाली. तीत गवतावर बसलेली एल्सी एका पंखवाल्या बुटक्याकडे हात पुढे करीत आहे.

आर्थर राइट यांनी काय केले? त्यांनी कॅमेरा देणे बंद केले. आपली मुलगी चित्रे काढते, तेराव्या वर्षीच ती ब्रॅडफर्डच्या कलाशाळेत गेली होती, एका छायाचित्रकाराकडे तिने काही काळ कामही केले होते, हे त्यांना माहीत होते. पत्नी दोलायमान होती, पण नवऱ्याला शंका नव्हती. म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच प्रेक्षकाने अचूक निदान केले की हे आमच्या एल्सीचे हस्तकौशल्य आहे. यापुढचा सारा गोंधळ सुशिक्षितांचा आहे.

१९१९ साली पॉली राइट ब्रॅडफर्डमध्ये थिऑसफिकल सोसायटीच्या एका सभेला गेल्या आणि त्या वाटेने ही चित्रे लंडनच्या एडवर्ड गार्डनर या थिऑसफिस्टाच्या हाती पडली. गार्डनर यांनी ती हॅरल्ड स्नेलिंग नामक छायाचित्रतज्ज्ञाला दाखवली. स्नेलिंग यांचा निर्वाळा असा की, या प्लेटवर एकदाच प्रकाश पडलेला आहे, दुहेरी छपाई नाही, आकृतींमध्ये हालचाल दिसते आणि कागदी बाहुल्यांचा मागमूस नाही. कोडॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी प्रमाणपत्र नाकारले. प्लेटमध्ये खोट दाखवता येत नाही, पण पऱ्याच नसल्यामुळे कोठेतरी युक्ती असलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मग आर्थर कॉनन डॉईल यांनी प्रवेश केला. १९२०च्या नाताळ अंकात 'स्ट्रँड' मासिकाने त्यांचा लेख छापला, अंक हातोहात खपला, आणि १९२२ मध्ये त्या लेखाचे पुस्तक झाले.

आता डॉईल यांचा युक्तिवाद लक्ष देऊन पाहावा. भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांनी शंका काढली होती की कॅलिफोर्नियातल्या नर्तकींची चित्रे घेऊन ती इंग्लंडच्या खेड्यातल्या देखाव्यावर चढवली असावीत. यावर डॉईल यांनी दिलेले उत्तर प्लेटविषयी नाही, प्रकाशाविषयी नाही. उत्तर असे की या मुली कारागीर वर्गातल्या आहेत. असली छायाचित्रणाची युक्ती त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. ज्या माणसाने धुळीच्या कणावरून आणि बुटाच्या चिखलावरून माणसाचा व्यवसाय ओळखणारा गुप्तहेर निर्माण केला, त्याने कलाशाळेत गेलेल्या, छायाचित्रकाराकडे राबलेल्या मुलीचे हात पाहिले नाहीत. तिचा वर्ग तेवढा पाहिला. लॉज यांच्या शंकेतही, लक्षात घ्यावे, युक्ती करणारा कोणी बाहेरचा, जगाची माहिती असलेला माणूसच आहे. श्रद्धावान आणि साशंक, दोघांचेही या एका मुद्द्यावर एकमत होते की हे एल्सीला जमणे शक्य नाही. पऱ्या असणे त्यांना अधिक संभवनीय वाटले! चित्रे खरी मानणे हे एल्सीला चित्रकर्ती न मानण्याचे दुसरे नाव होते.

तिचे नाव तर शब्दशः पुसले गेले. कुटुंबाला त्रास होऊ नये म्हणून 'स्ट्रँड'मधील लेखात राइट कुटुंबाचे आडनाव कार्पेंटर झाले, एल्सीची आयरिस झाली, फ्रान्सिसची ॲलिस. हेतू चांगला असेल. पण एकाच लेखात डॉईल यांचे नाव आहे, गार्डनर यांचे आहे, तज्ज्ञाचे आहे. जिने चित्र केले तिचेच तेवढे नाही. स्नेलिंग यांनी केवळ निर्वाळा दिला असेही नाही. छपाईला सोयीच्या, अधिक ठसठशीत निगेटिव्हही त्यांनीच तयार करून दिल्या, आणि आज जगभर परिचित असलेली पहिल्या चित्राची ती कोरीव, उजळ प्रत मूळच्या फिकट प्लेटवर झालेल्या त्यांच्या हाताच्या कामाचा परिणाम आहे. त्या सफाईला मात्र कोणी लबाडी म्हणाले नाही. ती 'तांत्रिक सुधारणा' होती.

डॉईल यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला क्षम्य वाटत नाही. परीचित्रांची परंपरा त्यांना परकी नव्हती. त्यांचे चुलते रिचर्ड डॉईल हे व्हिक्टोरियन काळातले नामांकित परीचित्रकार. 'इन फेअरीलँड' (१८७०) हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. वडील चार्ल्स डॉईल यांनीही मनोरुग्णालयात काढलेल्या दीर्घ वर्षांत पऱ्या रेखाटल्या, आणि त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९२४ मध्ये स्वतः मुलानेच लंडनमध्ये भरवले. डॉईल घराण्यातल्या पुरुषाने परी काढली की ती प्रतिभा आणि कारागिराच्या मुलीने काढली की ते निसर्गातले पुरावे. इतकेच नव्हे. १९१४ साली 'प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक' नावाचे एक लोकप्रिय पुस्तक निघाले होते. एल्सीने त्यातल्या नाचणाऱ्या मुलींच्या चित्रांवरून आपल्या आकृती बेतल्या. त्याच पुस्तकात कॉनन डॉईल यांचीही एक कथा छापलेली आहे.

आणि ती पुस्तकातली चित्रे व एल्सीच्या आकृती यांची तुलना केली तर काय आढळते? पंख. मूळच्या नाचऱ्या मुलींना एल्सीने पंख दिले. मग आकृती कापल्या, टोपीला लावायच्या लांब टाचण्यांनी त्या पानांत व गवतात उभ्या केल्या, चित्र घेतले आणि कागद ओढ्यात सोडून दिले. चित्रकार पुष्कळदा आपली कच्ची रेखाटने जपून ठेवतात. या मुलीला मात्र, पुरावा नष्ट करण्याच्या हेतूने का होईना, आपली वस्तू केवळ प्लेटवरच उरावी असे वाटले.

पंखांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथेच लोककथेच्या नावाने फार सैल बोलले जाते. 'इंग्लिश लोकमानसात पऱ्या आहेतच, मुलींनी त्याच पाहिल्या' असा सूर डॉईल यांच्या पुस्तकात आहे आणि आजच्या गूढवादी लेखनातही आहे. परंतु जुन्या इंग्लिश लोककथांतल्या परीला पंख नसत. ती मायावी, बहुधा त्रासदायक, मुले पळवणारी, दूध नासवणारी अशी. यॉर्कशरच्या दंतकथांतले घरभुते व पिशाचे यांचेही तसेच. फुलपाखराचे पारदर्शक पंख तिच्या खांद्याला लावले ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चित्रकारांनी व सजावटकारांनी. तेव्हा सपक्ष परी ही लोककथा नव्हे, ती चित्रकलेची निर्मिती आहे, आणि एल्सी राइट त्या निर्मितीच्या सरळ वारसांपैकी एक. (आपल्याकडे अजिंठ्याचे विद्याधर पंखांवाचून उडतात, शरीराचा कल आणि उडते वस्त्र एवढ्यावर भागते. उडणाऱ्याला पंख हवेतच हा आग्रह सार्वत्रिक नाही, तो त्या त्या परंपरेतल्या चित्रकारांचा आहे.)

भारताचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकू. गार्डनर यांच्या थिऑसफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे मद्रासजवळ अड्यारला, आणि त्या वेळी तिच्या अध्यक्ष ॲनी बेझंट. तिच्या वाङ्मयात या वनस्पतींतल्या सूक्ष्म जीवांची उतरंड लावताना 'देव' हा आपला शब्द उचललेला आहे. १९२१ मध्ये जेफ्री हॉडसन हे दिव्यदृष्टीचे गृहस्थ कॉटिंग्लीच्या ओढ्यावर बसले आणि त्यांना जिकडेतिकडे असे जीव दिसले. मुलींनी त्यांच्या होला हो मिळवून मनातल्या मनात करमणूक करून घेतली. यास्काने 'देव' शब्दाची व्युत्पत्ती देताना जे सांगितले त्याचा इंग्लंडमधल्या बागेतल्या चिमुकल्या मुलींशी काय संबंध, हे मला अद्याप कळलेले नाही. पण पूर्वेकडचा एक भारदस्त शब्द लावल्यावर त्या कागदी आकृतीभोवती शास्त्राचे वलय उभे राहिले, एवढे खरे. आपल्या अध्यात्माच्या निर्यातीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही पावतीही फाइलला लावावी.

आता छायाचित्रकलेच्या इतिहासकारांकडे वळतो. १८५७ साली ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' हे चित्र केले. जे दृश्य कधी घडलेच नाही त्याचे छायाचित्र! राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. कलकत्त्यात जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी घरातल्या व शेजारच्या मुलांच्या खांद्यांना पक्ष्याचे पंख बांधून त्यांचे देवदूत आणि मदन केले. १८७२च्या 'आय वेट' या चित्रातली पंख लावलेली, कंटाळलेली मुलगी पाहिली की बैठकीचा त्रास डोळ्यांपुढे उभा राहतो. कॅमेरॉन यांच्या तांत्रिक ढिलाईची त्यांच्या काळी खिल्ली उडवली गेली हे खरे, पण त्यांना कोणी 'देवदूत आहेत असे भासवणारी ठक' म्हटले नाही. १८६५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे घेतली. आणि आपल्या काळात यावे तर कातालान छायाचित्रकार जुआन फोन्तकुबेर्ता व पेरे फोर्मिगेरा यांचे 'फाउना' (१९८७). एक काल्पनिक जर्मन प्राणिशास्त्रज्ञ, त्याच्या टिपणवह्या, क्ष-किरणचित्रे, आणि त्यांत पंख फुटलेले माकड! न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९८८ मध्ये ते प्रदर्शन मांडले आणि फोन्तकुबेर्ता यांना २०१३ साली हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. मी त्या पुरस्काराच्या विरुद्ध नाही. 'फाउना' मला मनापासून आवडते. पण सत्तर वर्षे आधी, एका उसन्या कॅमेऱ्यावर, शिष्यवृत्ती नसताना व सहलेखक प्राध्यापक नसताना, छायाचित्राच्या विश्वासार्हतेची तीच परीक्षा जिने घेऊन दाखवली, तिला लबाडीच्या प्रकरणात ठेवायचे आणि याला सभागृहात, हा न्याय कोणत्या सौंदर्यशास्त्राचा?

उत्तर मिळते : हेतूचा. फोन्तकुबेर्ता आपले चित्र कलाकृती म्हणून मांडतात. एल्सी खोटे बोलली, आणि १९८३ पर्यंत बोलत राहिली. महाराष्ट्रातला वाचक मला याच जागी अधिक कठोरपणे अडवील, आणि त्याने अडवावे. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली जेथे खून झाला आणि त्यानंतरच जेथे जादूटोणाविरोधी कायदा होऊ शकला, तेथे बनावट चमत्काराला 'कला' म्हणून सूट द्यायची काय?

नाही. १९२०च्या ऑगस्टमध्ये गार्डनर यांनी दोन कॅमेरे आणि गुपचूप खुणा केलेल्या प्लेटा आणून दिल्यानंतर ज्या आणखी तीन चित्रांची भर पडली, ती केली तेव्हा हा आता घरगुती विनोद राहिलेला नाही हे एल्सीला कळत होते. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ते असत्यकथन होते आणि त्याला मी असत्यकथनच म्हणतो. पण असत्य बोलण्यात होते, चित्रात नव्हते. स्नेलिंग यांचा निर्वाळा पुन्हा वाचावा : प्लेटवर एकदाच प्रकाश पडला, दुहेरी छपाई नाही. हे शब्दशः खरे आहे. ओढ्याकाठी जे उभे होते तेच कॅमेऱ्याने टिपले. उभा होता तो कागद. कॅमेरा खोटे बोलला नाही, मुली बोलल्या, आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात बोलले ते प्रमाणपत्रे देणारे, व्याख्यानांतून प्रती विकणारे, पुस्तके छापणारे. प्रकाशनाबद्दल देऊ केलेले पैसे आर्थर राइट यांनी नाकारले होते. त्याच वर्षांत विल्यम होप नावाचा छायाचित्रकार युद्धात मुलगे गमावलेल्या आईबापांना पैसे घेऊन त्यांच्या मुलांचे 'आत्मे' प्लेटवर काढून देत होता. १९२२ मध्ये हॅरी प्राइस यांनी त्याला उघडे पाडले, तरी डॉईल त्याच्या बाजूने उभे राहिले. विवेकवाद्याने दंडा उगारायचा तर तो होपवर. होप आणि एल्सी यांना एकाच प्रकरणात घालणारा इतिहासकार भांडाफोड करीत नाही, आळस करतो. चमत्काराचा दावा कोणी केला, त्यावर पैसा आणि प्रतिष्ठा कोणी मिळवली, हे विचारणे हाच विवेकवादी चळवळीचा खरा धडा आहे, आणि कॉटिंग्लीत तो विचारलाच जात नाही. विचारला जातो तो एकच प्रश्न : डॉईलसारखा माणूस फसला कसा? म्हणजे कथेचा नायक पुन्हा डॉईलच! त्यांच्या श्रद्धेचा विषय होतो, त्यांच्या शोकाचा होतो (१९१८ मध्ये त्यांचा मुलगा किंग्जली गेला होता), त्यांच्या बुद्धिभ्रंशाचा होतो. जिच्या हातून चित्र झाले तिच्या रेषेचा विषय कोणी काढत नाही. वास्तविक आर्थर राइट यांनीच तो प्रश्न जास्त मार्मिकपणे विचारला होता : वर्गात तळाला असणाऱ्या आमच्या एल्सीने एवढ्या बुद्धिमान गृहस्थाला बनवावे तरी कसे?

रेषेविषयीच बोलायचे तर चित्रे सगळी सारख्या गुणवत्तेची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पहिले श्रेष्ठ. मागचा धबधबा हालचालीने धूसर झालेला, पुढच्या पऱ्या रेखीव. साशंकांना यात पुरावा दिसला, मला रचना दिसते. फ्रान्सिस पऱ्यांकडे पाहत नाही, ती आपल्याकडे पाहते. हीही टीकाकारांची आवडती खूण. पण तिने पऱ्यांकडे पाहिले असते तर ते बालपुस्तकातले आणखी एक चित्र झाले असते. ती नजर बाहेर काढते, आणि 'तुम्हाला काय दिसते ते तुम्ही सांगा' असा प्रश्न प्रेक्षकाच्या पदरात पडतो. दुसऱ्या चित्रात फ्रान्सिसच्या हाती कॅमेरा होता आणि ते ढिले आहे. एल्सीचा हात विचित्र लांबट आला आहे. बुटक्याच्या पोटावर टाचणीचे टोक दिसते. डॉईल यांनी त्याला बेंबी ठरवून पऱ्यांच्या जननप्रक्रियेविषयी तर्क केला. १९२०ची चौथी परी तर केशभूषेसकट पॅरिसच्या एखाद्या फॅशनपत्रकातून उतरल्यासारखी दिसते. ते चित्र मला आवडत नाही. दडपणाखाली, मागणीनुसार केलेल्या कामाचा तो कोरडेपणा आहे, आणि कोणत्याही कलावंताच्या संचात असे एखादे चित्र असतेच.

एल्सी पुढे अमेरिकेत गेली, लग्नानंतर काही वर्षे भारतात राहिली, १९४९च्या सुमारास इंग्लंडला परतली. १९६६ साली एका वार्ताहराने तिला शोधून काढले तेव्हा ती अशा अर्थाचे बोलली की त्या आकृती आपल्या कल्पनेतल्या असतील आणि आपण कल्पनेचेच छायाचित्र घेतले असेल. वृत्तपत्रांना यात लपवाछपवी दिसली. कल्पनेचे छायाचित्र घेणे! रेलँडर आणि कॅमेरॉन यांनी वेगळे काय केले? १९८२-८३ मध्ये जेफ्री क्रॉली यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'मध्ये या प्लेटांची सविस्तर तपासणी प्रसिद्ध केली, आणि १९८३ मध्ये दोघींनी कागद, कात्री आणि टाचण्या यांची कबुली दिली. इतकी वर्षे गप्प का राहिलात यावर एल्सीचे उत्तर साधे होते : डॉईलसारख्या मोठ्या माणसाला खेड्यातल्या दोन मुलींनी बनवले हे सांगायची लाज वाटली, त्यांची दयाही आली. फ्रान्सिसने तर आपण हे फसवणूक म्हणून कधी पाहिलेच नाही, गंमत म्हणून पाहिले, असे सांगितले. फ्रान्सिस १९८६ मध्ये गेली, एल्सी १९८८ मध्ये. पाचवे चित्र, ज्यात गवतात पारदर्शक आकृती कोषासारख्या विणल्या गेल्या आहेत, ते खरे आहे असा फ्रान्सिसचा आग्रह शेवटपर्यंत राहिला. एल्सी म्हणाली, तेही कागदाचेच. मी एल्सीच्या बाजूचा आहे. आपल्या कामाचे श्रेय तिने पऱ्यांना दिले नाही.

१९९८ मध्ये या चित्रांच्या प्रती आणि डॉईल यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती लंडनच्या लिलावात २१,६२० पौंडांना गेली. किंमत आली, वर्गवारी तीच राहिली. संग्रहालये आणि सूचीकार यांच्याकडे माझी मागणी फार नाही. पहिल्या चित्राखाली 'कॉटिंग्लीची फसवणूक' असे छापतात ते काढावे आणि कोणत्याही चित्राखाली लिहितात तसे लिहावे : एल्सी राइट, जुलै १९१७. कापलेला कागद, टोपीच्या टाचण्या, काचेची प्लेट. सोबत फ्रान्सिस ग्रिफिथ्स.